रंग घोटताना थर निघून येतो : घोटाईविषयी चर्चा

रेघोटी (धागाकर्ती)

नमस्कार. लघुचित्रांच्या पद्धतीने अपारदर्शक जलरंगात चित्रे काढण्याचा सराव मी गेले वर्षभर करते आहे. सध्या हातात असलेले चित्र वहीच्या पानाएवढे आहे. तीन कागद खळीने एकमेकांवर चिकटवून वसली केली, तिच्यावर खडूच्या पांढऱ्याचे दोन पातळ हात दिले आणि रंगद्रव्ये डिंकाच्या पाण्यात खलून रंग स्वतःच तयार केले. इथपर्यंत सारे सुरळीत झाले. रंग पूर्ण वाळल्यावर चित्र लाकडी फळीवर ठेवून अकीक या गुळगुळीत दगडाच्या घोट्याने वरून घोटायला घेतले आणि तिथे घोळ झाला.

गेरूने रंगवलेली भिंत पहिल्या दहा-बारा फेऱ्यांतच तुकतुकीत झाली. पिवळ्या मातीच्या रंगानेही छान ओप घेतला. आकाशाच्या निळ्यावर मात्र घोटा नेताच बारीक भुकटी उठली आणि जोर वाढवला तेव्हा करंगळीच्या नखाएवढा टवका निघून खालचा पांढरा उघडा पडला. हिरव्या झाडीत तिसराच प्रकार झाला. तिथे थर निघाला नाही, पण घोट्याच्या प्रत्येक फेरीचा चकचकीत पट्टा उमटला. चित्र दिव्याखाली तिरपे धरले की ती झाडी नांगरलेल्या शेतासारखी दिसते. कागद तोच, घोटा तोच, हातही तोच, आणि निकाल मात्र तीन.

घोटाईने रंगाच्या थराचे नेमके काय होते, हा माझा खरा प्रश्न आहे. तो झिजतो, दाबला जातो की सरकतो? हे कळल्याशिवाय उपाय शोधणे म्हणजे अंधारात चाचपडणे आहे. माती, धातू, चामडे, चुना अशा दुसऱ्या माध्यमांत घोटाई करणाऱ्यांनीही जरूर लिहावे, कारण मला वाटते की मूळ क्रिया सगळीकडे एकच असावी.

अकीक

सर्वांत आधी एक दुरुस्ती. चित्र वरून घोटू नये, पाठीमागून घोटावे. मुघल, राजस्थानी आणि पहाडी चित्रशाळांतील चित्रकार चित्र गुळगुळीत दगडी पाट्यावर पालथे ठेवत आणि कागदाच्या पाठीवरून घोटा फिरवत. असे केल्याने रंगाला स्पर्श होतो तो केवळ पाट्याचा, तोही स्थिर; घोट्याची घासण कागदाची पाठ सोसते आणि रंगापर्यंत फक्त दाब पोहोचतो. वरून घोटताना दाबासोबत बाजूची ओढही लागते आणि टवके निघतात ते त्या ओढीमुळे. लाकडी फळीही चालणार नाही, कारण लाकडाच्या रेषांचा छाप रंगावर उमटतो. पाटा संगमरवराचा किंवा जाड काचेचा असावा.

दुसरे असे की, घोटाई ही चित्र पूर्ण झाल्यावर एकदाच करायची गोष्ट नव्हे. वसली घोटायची, पांढरा हात दिल्यावर घोटायचे, सपाट रंग भरल्यावर पुन्हा घोटायचे, आणि बारीक रेखाटन त्या घोटलेल्या थरावर करायचे. प्रत्येक थर आपापल्या वेळी दाबला गेला की पुढच्या थराला बसायला घट्ट जागा मिळते. तुमच्या चित्रात तळापासून वरपर्यंत सगळे थर सैलच राहिले आणि दाब एकदम शेवटी आला, त्यामुळे जो थर सर्वांत अशक्त होता तो उखडला.

निळाच का उखडला, याचे उत्तर कणांत आहे. गेरू आणि पिवळी माती यांत लोहाच्या संयुगांसोबत चिकणमातीचे अतिशय बारीक कण असतात; ते एकमेकांवर सहज बसतात. लाजवर्दासारखे खनिज निळे मात्र मुद्दाम भरड ठेवावे लागते, कारण ते फार बारीक वाटले तर फिकट, राखाडी होत जाते. भरड कणांमध्ये मोठ्या पोकळ्या राहतात आणि तेवढाच डिंक त्यांना पुरत नाही. वाळलेल्या रंगावर कोरडे बोट हलकेच फिरवून पाहा. बोटाला रंग लागला तर डिंक कमी आहे. रंग मुळातच चमकत असेल आणि थराला केसासारख्या बारीक भेगा दिसत असतील, तर डिंक जास्त आहे. हिरव्यातले पट्टे पाहता तिथे डिंक थोडा जास्त झाला असावा असा माझा अंदाज आहे. डिंक जास्त असलेला थर जिथे घोटा जातो तिथे लगेच काचेसारखा होतो आणि शेजारी तसाच राहतो.

सोन्याचा रंग याला अपवाद आहे. खललेले सोने डिंकातून लावल्यावर ते मातकट पिवळे दिसते. वरून, थेट अकीकाने घोटले की क्षणात धातू होते. सोने मऊ असल्यामुळे ते घोट्याला साथ देते. काही चित्रांत घोटलेल्या सोन्यावर बोथट सुईने ठिपके दाबलेले असतात, त्यामुळे चित्र हलवले की एकेक ठिपका वेगळ्या कोनातून लुकलुकतो.

लेथवाला

माझा चित्रांशी संबंध नाही, मी यंत्रभागांचे काम करतो, पण घोटाई आमच्याकडेही आहे. धाग्यातल्या मूळ प्रश्नाचे धातूपुरते उत्तर स्पष्ट आहे: घोटताना काहीही झिजत नाही. पॉलिश करताना पूड वापरून उंचवटे कापून काढले जातात, म्हणजे माल कमी होतो. घोटताना कठीण आणि गुळगुळीत रोलर किंवा गोळी पृष्ठभागावर दाबून फिरवतात. उंचवट्यांवर इतका दाब येतो की धातू तिथे कायमचा दबतो आणि शेजारच्या खाचांत सरकतो. लेथवर कातलेल्या दांड्याचा पृष्ठभाग भिंगातून पाहिला तर दंडगोलावर कोरलेल्या आट्यांसारखा दिसतो, आणि रोलर फिरल्यावर त्या आट्यांची शिखरे चपटी झालेली दिसतात. दांड्याचा व्यास काही मायक्रॉनने कमी भरतो. एक चिमूटही कीस न पडता मोजमाप बदलते, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला नेहमी चमत्कारिक वाटते.

याचा फायदा केवळ चमकेपुरता नाही. दबलेला वरचा थर अधिक कठीण होतो आणि त्यात आत दाबणारा ताण कायम राहतो. वारंवार वाकणाऱ्या भागाला तडा सहसा पृष्ठभागावरून सुरू होतो. तिथे आधीच दाबाचा ताण असेल तर तडा उघडायला अडचण होते. इंजिनातील क्रँकशाफ्टच्या कोपऱ्यांतील गोलाईवर रोलर दाबून फिरवतात ते याचसाठी.

आता तुमच्या टवक्यांबद्दल. आमच्याकडेही नवशिके लोक चमक वाढावी म्हणून दाब वाढवतात किंवा त्याच जागी फेऱ्या वाढवतात. एका मर्यादेपर्यंत पृष्ठभाग सुधारतो. त्यापुढे वरचा थर इतका कठीण होतो की आणखी दबण्याची क्षमताच उरत नाही, आणि मग तो पापुद्र्यांनी सुटू लागतो. म्हणून आम्ही दाब ठरवतो आणि फेऱ्याही मोजतो. ओतीव लोखंडासारखा ठिसूळ धातू मुळात फारच कमी सरकतो, त्यामुळे त्याला अशी घोटाई बेताचीच मानवते.

मातीकाम

लेथवाला यांचे विवेचन उत्तम आहे, पण ते जसेच्या तसे रंगाला लावण्यात मला अडचण दिसते. धातू सरकतो, कारण तो अखंड असतो. रंगाचा थर म्हणजे कणांचा ढीग आहे, त्यांना डिंकाने कसेबसे धरून ठेवलेले असते. रंगाचा कण स्वतः दबत नाही; तो वळतो, आडवा होतो, शेजारच्या कणाजवळ सरकतो. रंगाचे खरे नाते मातीशी आहे.

चिकणमातीचे कण सूक्ष्म आणि चपटे असतात, पत्त्यांसारखे. भांडे घडवल्यावर पृष्ठभागावर हे पत्ते वाटेल तसे विखुरलेले असतात. गुळगुळीत गोट्याने घोटले की ते भिंतीला समांतर होऊन एकावर एक बसतात आणि प्रकाश एकाच दिशेला परतू लागतो. इथे सगळा खेळ ओलाव्याचा आहे. भांडे ओले असताना गोटा लावला तर माती चिकटून उचलली जाते. पार सुकल्यावर लावला तर कण हलायला तयार नसतात आणि गोटा पांढुरके ओरखडे काढतो. भांडे जोड्याच्या तळव्याच्या चामड्याइतके घट्ट झालेले असते, नख रुतते पण बोट उमटत नाही, तो काळ घोटाईचा. त्यातही एक फसवणूक आहे. ओलसर असताना घोटून आरशासारखे केलेले भांडे दुसऱ्या दिवशी मंद झालेले दिसते, कारण सुकताना माती आकसते आणि शिस्तीत बसलेले कण पुन्हा किंचित हलतात. म्हणून अनुभवी हात दुसऱ्यांदा घोटतो, आकसणे जवळजवळ थांबल्यावर, तेलाचे एखादे बोट लावून.

भाजणीत जपावे लागते. साधारण १००० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि त्यापुढे मातीच्या कणांची रचना बदलते, काही भाग काचेसारखा होऊ लागतो आणि घोटाईची चमक जाते. म्हणून घोटलेली भांडी बरीच कमी आचेवर भाजतात, आणि त्यामुळेच ती सच्छिद्र राहतात. घोटल्याने पाणी झिरपण्याचा वेग कमी होतो, बंद होत नाही. चमक पाहून पुष्कळ जण गैरसमज करून घेतात.

न्यू मेक्सिकोतील सॅन इल्डेफोन्सो येथील मारिया मार्टिनेझ आणि त्यांचे पती ज्युलियन यांची काळी भांडी या संदर्भात अभ्यासण्यासारखी आहेत. मारिया भांडे दगडाने घोटत, ज्युलियन त्या घोटलेल्या पृष्ठभागावर पातळ मातीने नक्षी रंगवत, आणि शेवटी जाळावर सुके शेण पसरून हवा तोडली की सगळेच काळे होई. नक्षी दिसते ती केवळ घोटलेल्या आणि न घोटलेल्या भागांतील फरकामुळे. रंग दोन्हीकडे काळाच, तरीही एक काळा खोल आणि दुसरा धुरकट. १९२० च्या सुमारास त्यांनी ही रीत स्थिर केली.

वर्ख

मातीकाम यांनी लिहिलेल्या ओलाव्याच्या वेळेवर थोडे विस्ताराने लिहितो, कारण सोन्याचा वर्ख चढवणाऱ्याचे सगळे आयुष्य त्या एका वेळेची वाट पाहण्यात जाते.

युरोपीय चौकटी आणि वेदीचित्रे यांवरील घोटीव सोने ज्या रीतीने होते तिच्यात लाकडावर आधी सरसात कालवलेल्या खडूचे अनेक हात देतात. त्यावर बोल नावाच्या अतिशय मऊ, बहुधा तांबड्या मातीचे सरसातले हात येतात. मग तो पृष्ठभाग पाण्याने भिजवून त्यावर वर्ख सोडतात. पाणी आत शोषले जाते, सरस जागा होतो आणि वर्ख धरून ठेवतो. हा वर्ख जाडीने मायक्रॉनच्या दहाव्या भागाइतका असतो. इतक्या पातळ पत्र्याला स्वतःचा आकार नसतो, खाली जे असेल ते तो दाखवतो. म्हणजे आम्ही सोने घोटतो असे म्हणतो खरे, प्रत्यक्षात घोटली जाते ती सोन्याखालची माती. बोल खरखरीत राहिला असेल तर शंभर नंबरी वर्खही पितळी दिसतो.

वेळ ओळखण्यासाठी आम्ही कान वापरतो. अकीकाच्या टोकाने वर्खावर अगदी हलकी टकटक करायची. आवाज मुका, बुद्द असा आला तर खालचा खडू अजून ओला आहे, घोटा लावला की वर्ख फाटून मातीसकट उचलला जाईल. टणक, कोरडी टिकटिक आली की लगेच सुरुवात करायची. फार उशीर झाला तर माती दबायला नकार देते, चमक ठिगळाठिगळांनी येते आणि ओरखडे पडतात. हवा दमट असेल तर ही वेळ काही तास लांबते, कोरडी असेल तर भराभर निसटते. त्यामुळे मोठी चौकट एका दमात वर्खून ठेवू नये, जेवढी घोटता येईल तेवढीच हातात घ्यावी. मी एकदा हा नियम मोडला होता. चौकटीची वरची पट्टी आरशासारखी निघाली आणि खालच्या पट्टीपर्यंत पोहोचेतो तिची वेळ टळून गेली होती. ती पट्टी लाकडापर्यंत खरवडून पहिल्यापासून करावी लागली.

इसवी सन १४०० च्या सुमारास लिहिणारे इटालियन चित्रकार चेन्निनो चेन्निनी घोट्यासाठी हेमॅटाइट या लोहखनिजाचा दगड सांगतात आणि तो नसेल तर मांसाहारी प्राण्यांचे दात. आजही वक्र टोकाच्या अकीकाच्या घोट्याला कुत्र्याच्या सुळ्याचेच नाव आहे. तेलाच्या चिकटवणीवर चढवलेला वर्ख मात्र घोटता येत नाही. खाली चिवट तेलाचा पापुद्रा असतो, दबायला माती नसते.

तुमच्या निळ्याबद्दल माझे मत असे की, दोष निळ्यात कमी आणि त्याच्याखाली घोटलेला तळ नसण्यात अधिक आहे.

रेघोटी

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर वाचून लगेच चित्राला हात लावला नाही. त्याच वसलीच्या उरलेल्या पट्टीवर प्रयोग केला. पट्टीचा अर्धा भाग पांढऱ्या हातानंतर पाठीमागून घोटला, अर्धा तसाच ठेवला. मग दोन्ही भागांवर निळ्याचे चार-चार चौकोन रंगवले, प्रत्येक चौकोनात आधीच्यापेक्षा डिंकाच्या पाण्याचा एक थेंब जास्त.

न घोटलेल्या तळावरचे पहिले दोन चौकोन काचेवर पालथे ठेवून घोटल्यावरही काचेला निळी भुकटी लावून गेले. घोटलेल्या तळावर मात्र दुसऱ्याच चौकोनापासून रंग टिकला. चौथा चौकोन दोन्हीकडे घट्ट बसला, परंतु त्याचा निळा काळपट झाला, आणि उचलताना तो काचेला किंचित चिकटला. म्हणजे अकीक आणि वर्ख या दोघांचेही म्हणणे बरोबर निघाले.

एक शंका उरते. घोटल्यावर गेरू अधिक गडद झाला, हे मी आधीच पाहिले होते. रंगद्रव्य तेच असताना रंग का बदलतो?

भिंग

याचे उत्तर थोडक्यात देतो. रंग पाहताना डोळ्यात दोन प्रकारचा प्रकाश येतो. एक थराच्या आत जाऊन, रंगद्रव्याने काही भाग गिळल्यानंतर बाहेर येतो. तो रंगीत असतो. दुसरा वरच्या पृष्ठभागावरूनच परत फिरतो. तो दिव्याच्याच रंगाचा, म्हणजे बहुधा पांढरा असतो. पृष्ठभाग खडबडीत असेल तर हा पांढरा प्रकाश सगळ्या दिशांना विखुरतो आणि कुठूनही पाहा, रंगात मिसळलेलाच दिसतो. पृष्ठभाग गुळगुळीत झाला की पांढरा प्रकाश एकाच दिशेला जातो. तेवढी दिशा टाळली की उरतो तो निव्वळ रंग. नदीतला ओला गोटा गडद दिसतो आणि सुकला की फिका पडतो, तेही बरेचसे याच कारणाने. घोटाईने कणांमधली हवाही कमी होते, तिचाही हातभार लागतो.

गुळगुळीत म्हणजे किती, तर दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर असते आणि उंचवटे तिच्या मानाने बरेच लहान झाले की आरसा सुरू होतो. कोनाचाही प्रभाव आहे; खूप तिरपे पाहिले तर साधा कागदही चमकतो. म्हणून घोटाईची परीक्षा समोरून आणि तिरपी अशी दोन्हीकडून करावी. रेघोटी यांच्या झाडीतले पट्टे समोरून कदाचित दिसणारही नाहीत.

उठाव

वरच्या विवेचनाला छाप्याच्या कलेतील एक उलटे उदाहरण जोडावेसे वाटते. मेझोटिंट या पद्धतीत, जिचा आरंभ लुडविग फोन झीगन यांच्या १६४२ मधील व्यक्तिचित्रापासून मानतात, तांब्याचा पत्रा दातेरी हत्याराने सर्वत्र खरखरीत करतात. तो तसाच शाई लावून छापला तर मखमली काळा येतो. मग चित्रकार जिथे उजेड हवा तिथे उंचवटे खरवडतो आणि पोलादी घोट्याने दाबतो. जितकी घोटाई जास्त तितकी शाई कमी धरली जाते आणि छाप तितका उजळ येतो. रंगाच्या थरात घोटल्याने रंग गडद होतो, इथे घोटल्याने पांढरे उमटते, आणि हात मात्र दोन्हीकडे तोच असतो. घोट्याला तेलाचा थेंब लावावा, नाहीतर तो तांबे पकडतो.

संग्रहरक्षक

चर्चा उत्तम चालली आहे, पण मी जरा दुसऱ्या बाजूने लिहिणार आहे. माझ्या कामात घोटाई हा बहुतेक वेळा अपघात असतो.

ज्या रंगात रंगद्रव्य भरपूर आणि बंधक, म्हणजे कण धरून ठेवणारे डिंकासारखे द्रव्य, कमी असते तो मंद, निस्तेज दिसतो, आणि पुष्कळदा चित्रकाराला तेच हवे असते. अशा रंगात एक मर्यादा असते; रंगद्रव्याचे प्रमाण तिच्यापुढे गेले की बंधक सगळ्या फटी भरू शकत नाही आणि थरात हवा राहते. अशा पृष्ठभागावर बाही घासली, कोरड्या ब्रशने धूळ झटकली, वेष्टनाचा कागद प्रवासात हलत राहिला, तरी उंचवटे चपटे होतात आणि चकचकीत डाग पडतो. रंग निघालेला नसतो, डाग लागलेला नसतो, तरी नुकसान झालेले असते. आणि ते परत फिरवता येत नाही. दबलेले कण पुन्हा उभे करण्याची कोणतीही युक्ती नाही; वरून काही लावले तर तोही वेगळाच दिसणारा थर होतो.

घरातील मॅट रंगाच्या भिंतींवर हेच रोज घडते. खुर्चीची पाठ टेकते तिथे, दिव्याच्या बटणाभोवती, डाग पुसायला गेलेल्या फडक्याच्या वाटेवर चमकदार चट्टे दिसतात. लोक त्याला तेलकट डाग समजून आणखी पुसतात आणि चट्टा मोठा करतात. रंग उद्योगात याला घोटाईचेच नाव आहे, आणि रंग त्याला किती दाद देत नाही हे मोजण्यासाठी एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या संस्थेची डी ६७३६ ही प्रमाणित चाचणीसुद्धा आहे. वर्दळीच्या भिंतीला थोडी चमक असलेला रंग निवडावा, कारण जो आधीच गुळगुळीत आहे त्याला घोटले जाण्याचे भय कमी. तेवढ्याच जागी रंगाचा हात मारला तर तो ठिगळासारखा दिसतो; कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची पूर्ण भिंत रंगवावी लागते.

या धाग्यावरून उत्साहित होऊन कुणी जुने चित्र घोटायला घेऊ नये, एवढी विनंती. नव्या चित्रात थर कसा बांधला आहे हे आपल्याला ठाऊक असते, जुन्यात नसते.

लेथवाला

मातीकाम यांचा आक्षेप मला मान्य आहे. कणांचा ढीग आणि अखंड धातू यांत मी फरक केला नव्हता. तरी एक साम्य उरते असे वाटते: दोन्हीकडे पृष्ठभागात दबण्याची काही शिल्लक असावी लागते आणि ती संपली की दाब नुकसान करू लागतो. मातीत ती शिल्लक पाणी देते, धातूत त्याचा मऊपणा. रंगात ती कोण देते, डिंक की हवा?

अकीक

दोन्ही. कोरडा डिंक ठिसूळ असतो, पण तो हवेतला ओलावा शोषतो आणि किंचित लवचिक होतो. अतिशय कोरड्या हवेत घोटलेला थर भुकटी सोडतो आणि तोच थर थोड्या दमट हवेत नीट बसतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. पाणी शिंपडण्याचा मोह मात्र टाळावा, रंग विरघळतो. हस्तलिखितांतील उठावदार सोन्यासाठी वर्ख बसवण्याआधी लेपावर नळीतून श्वास सोडतात. त्या लेपात साखर घातलेली असते, ती श्वासाचा ओलावा धरते. वसलीवरील रंगासाठी एवढेही करू नये. पाठीच्या कागदावरून जरा ओलसर फडके फिरवून पाच मिनिटे थांबले तरी पुरते.

जिल्द

पुस्तकबांधणीतला अनुभव थोडक्यात. पानांच्या कडा सोनेरी करताना पुस्तक शिकंजात करकचून आवळतात, म्हणजे शेकडो पानांच्या कडा मिळून एकच ठोकळा होतो. मग आधी पातळ कागद मध्ये ठेवून आणि नंतर थेट अकीकाने घोटतात. आवळणी सैल असेल तर घोटा पाने वाकवतो आणि सोने पानांच्या फटींत उतरते. चामड्याच्या कडा घोटायच्या तर चामडे वनस्पतीजन्य द्रव्यांनी कमावलेले हवे. ते ओले करून लाकडी घोटणीने जोरात घासले की घर्षणाच्या उष्णतेने तंतू एकमेकांत बसतात आणि कडा शिंगासारखी होते. क्रोमने कमावलेले चामडे कितीही घासा, ते पिसारलेलेच राहते.

चुनखडी

चुन्याचा उल्लेख कुणीच केला नाही म्हणून लिहितो. राजस्थानातील आराइश आणि मोरोक्कोतील ताडेलाक्त या दोन्ही रीतींत चुन्याचा गिलावा दगडाने घोटून आरशासारखा करतात, पण चमक टिकण्याची कारणे थोडी वेगळी आहेत. आराइशीत बराच काळ भिजवून मुरवलेला चुना आणि संगमरवराची पूड यांचे उत्तरोत्तर बारीक होत जाणारे थर देतात, ओल्या थरावरच रंग भरतात, तो छोट्या थापीने ठोकून आत बसवतात आणि मग अकीकाने घोटतात. पुढे चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कॅल्शियम कार्बोनेट होतो आणि दबलेला पृष्ठभाग रंगासकट दगड बनतो. इथे डिंकही नाही, सरसही नाही. दाबलेली स्थिती रसायनच पक्की करते. ताडेलाक्तमध्ये घोटताना ऑलिव्हच्या तेलाचा काळा साबण चोळतात. चुना आणि साबण यांच्या संयोगाने पाण्यात न विरघळणारा कॅल्शियमचा साबण तयार होतो आणि छिद्रे बुजतात, म्हणून ती भिंत हमामाचे पाणी सोसते. मातीकाम यांनी सांगितलेली झिरपण्याची अडचण इथे साबण सोडवतो, घोटा नव्हे.

रेघोटी

चित्राचे पुढे काय झाले ते कळवते. निळे आकाश ओल्या ब्रशने उचलून काढले, पांढऱ्याचा एक नवा हात दिला आणि वाळल्यावर काचेवर पालथे ठेवून घोटला. त्यावर बारीक वाटलेल्या फिकट निळ्याचा एक थर देऊन तोही घोटला. शेवटचा भरड निळा, पट्टीवरच्या तिसऱ्या चौकोनाच्या प्रमाणात डिंक घालून, सर्वांत वर दिला आणि पाठीमागून केवळ हलक्या हाताने चार फेऱ्या मारल्या. एकही कण सुटला नाही. तो गेरूसारखा चमकत मात्र नाही. शेजारची भिंत तुकतुकीत आणि आकाश कोरडे, मखमली असे दिसते, आणि मारिया आणि ज्युलियन यांच्या भांड्यांबद्दल वाचल्यामुळे असेल, मला ते आता तसेच हवेसे वाटते. आणखी घोटणार नाही.

झाडीतले पट्टे पाठीमागून आडव्या-उभ्या फेऱ्या मारल्यावर बरेच मिटले, पूर्ण गेले नाहीत. ते तिरप्या उजेडात दिसतच राहतील.

एक चूक नव्याने झाली, ती इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगते. दुसऱ्यांदा घोटताना काच पुसायची राहिली. आधीच्या प्रयोगातला निळ्याचा एकच भरड कण काचेवर होता. चित्र उलटून पाहिले तेव्हा गेरूच्या भिंतीच्या अगदी मधोमध टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पडला होता आणि त्याच्या तळाशी तो निळा कण रुतून बसला होता. सुईने काढायला गेले तर भोवतालचा ओप मोडेल, म्हणून तो तिथेच ठेवला आहे.